अधीक्षकाचे आसन

अमेरिकेत शालेय जिल्ह्याच्या अधीक्षकाला आपल्या शिक्षणाधिकाऱ्याप्रमाणे राज्य शासन नेमत नाही. बहुतेक ठिकाणी स्थानिक शिक्षण मंडळ त्याला नेमते आणि तेच काढूही शकते. अंदाजपत्रक, नेमणुका, अभ्यासक्रम हे सारे तो पाहतो. अखेरचा शब्द मात्र मंडळाचा. शिकागोचे उदाहरण पाहू. तेथे १९०९ मध्ये एला फ्लॅग यंग अधीक्षक झाल्या. एवढ्या मोठ्या शहराच्या शाळा सांभाळणाऱ्या त्या देशातील पहिल्याच स्त्री. निर्णयांत शिक्षकांना वाटा हवा, हे त्यांनी आपल्या प्रबंधातच मांडले होते. (मंडळांना असे अधीक्षक क्वचितच मानवतात!) १९१३ मध्ये मंडळाने त्यांना पुरेशी मते दिली नाहीत, तेव्हा त्या बाजूला झाल्या. शहरातील स्त्रियांनी निषेधसभा घेतल्या, महापौरांनी काही सभासद बदलले आणि यंग परतल्या.