विश्लेषण : ‘कऱ्हाडे’ यादीत आहेत, मग शोधात का सापडत नाहीत?

मतदार यादी असो, सातबारा असो की परीक्षेचा निकाल. ऑनलाइन शोधात ‘नोंद आढळली नाही’ असे उत्तर आले म्हणजे नाव खरोखरच नाही, असे नसते. दोष अनेकदा अक्षरे साठवण्याच्या आणि ताडून पाहण्याच्या पद्धतीत असतो.

संगणक अक्षरे कशी साठवतो?
क्रमांकांच्या रूपात. युनिकोडमध्ये देवनागरीच्या मुख्य गटात १२८ जागा आहेत. यूटीएफ-८ पद्धतीत त्यातील प्रत्येक चिन्हाला ३ बाइट लागतात. डेटाबेस केवळ रोमन अक्षरांसाठी बनवलेला असेल, तर मराठी नावाऐवजी प्रश्नचिन्हे साठवली जाऊ शकतात. मग मूळ नाव त्यातून परत मिळत नाही.

डोळ्यांना दिसणारे नाव शोधात का हरवते?
‘कऱ्हाडे’मधील अर्धा र दोन प्रकारे टाइप होतो. एकात ‘ऱ’ हे स्वतंत्र चिन्ह आणि हलन्त असतो. दुसऱ्यात साधा ‘र’, हलन्त आणि ‘झिरो विड्थ जॉइनर’ हे न दिसणारे चिन्ह असते. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण क्रमांक वेगळे. शोध केवळ क्रमांक जुळवत असेल, तर एका प्रकारे नोंदवलेले नाव दुसऱ्या प्रकारे शोधल्यास सापडत नाही.

यादीचा क्रम का बिघडतो?
मराठी वर्णमालेत ‘ह’नंतर ळ, क्ष, ज्ञ येतात. युनिकोडमध्ये मात्र ‘ळ’चा क्रमांक ‘व’च्या आधी आहे आणि ‘क्ष’ला स्वतंत्र क्रमांकच नाही, तो क, हलन्त आणि ष मिळून होतो. त्यामुळे क्रमांकांनुसार लावलेल्या यादीत ‘क्षीरसागर’ हे ‘कोल्हे’ आणि ‘खरे’ यांच्या मध्ये जातात. शेवटचे पान पाहणाऱ्याला ते दिसत नाहीत.

उपाय काय?
तुलना व क्रमाच्या नियमांना ‘कोलेशन’ म्हणतात. युनिकोडच्या सीएलडीआर या भांडारात मराठीचे नियम आहेत आणि पोस्टग्रेएसक्यूएलसारख्या प्रणालीत ते वापरता येतात. अर्ध्या ‘र’ची दोन रूपे मात्र युनिकोडच्या नेहमीच्या प्रमाणीकरणाने एक होत नाहीत. त्यासाठी नाव साठवताना आणि शोधताना, दोन्ही वेळा ते एकाच रूपात आणण्याचा वेगळा नियम लिहावा लागतो.

नागरिकांनी काय करावे?
नाव सापडले नाही, तर मतदार ओळखपत्राचा, जमिनीच्या गटाचा किंवा परीक्षेचा बैठक क्रमांक टाकून पुन्हा शोधावे. अंकांच्या शोधात हा घोळ सहसा होत नाही.