डब्यातलं सोनं

गोव्यातल्या एका जुन्या चर्चच्या वेदीवरचा लाकडी देवदूत टेबलावर आडवा ठेवलेला होता. पंखांची टोकं वाळवीने खाल्लेली, झग्यावर तपकिरी, निस्तेज रंग. संवर्धनाचं काम करणाऱ्या बाई भिंगातून बघत झग्याच्या काठावर नखाएवढी जागा साफ करत होत्या. काडीला गुंडाळलेला कापूस द्रावणात बुडवायचा, टिपकागदावर निथळायचा आणि न घासता अलगद फिरवायचा. मळला की नवा घ्यायचा. असे कितीतरी बोळे वाया गेल्यावर खालून पिवळंधमक सोनं दिसू लागलं.

वरचा तपकिरी थर होता डब्यातल्या सोनेरी रंगाचा. त्यात सोनं नसतं, तांबं-जस्ताची पूड असते आणि ती हवेने काळवंडते. चर्चचं फेस्त, म्हणजे सण, जवळ आलं की वेदी उजळावी म्हणून भाविक मोठ्या श्रद्धेने हा रंग लावतात.

खालचं काम मात्र फार निगुतीचं. लाकडावर आधी सरस, मग सरसात कालवलेल्या खडूच्या भुकटीचे हात, त्यावर तांबड्या चिकणमातीचा लेप. तो ओला करून सोन्याचा वर्ख बसवायचा आणि सुकता सुकता अकीकाने घोटायचा. आजचा वर्ख मिलिमीटरच्या दहाहजाराव्या भागाइतका पातळ असतो. झिजलेल्या उंचवट्यांवर दिसणारी लाली त्या मातीची.

हे सगळं सरसावर टिकलेलं असतं आणि सरस पाण्याने सुटतो. म्हणून ओलं फडकं मारलं की धुळीबरोबर सोनंही जातं.

पोपडे सुटले होते तिथे बाईंनी पातळ जपानी कागद ठेवून त्यातून कोमट सरस मुरवला. तुटलेलं बोट मात्र नव्याने केलं नाही. मूळ कसं होतं याचा पुरावा नव्हता. रंग उडालेल्या जागी त्यांनी जलरंगाच्या बारीक उभ्या रेघा ओढल्या. लांबून त्या एकजीव दिसतात, जवळून ओळखू येतात. इटलीत चेझारे ब्रांदी यांनी रुजवलेली ही पद्धत जुनं कुठलं आणि नवं कुठलं, हे लपवत नाही.

तुमच्या चर्चमध्ये किंवा देवळात असं जुनं सोनेरी काम असेल, तर दोन गोष्टी टाळा: ओलं फडकं आणि सोनेरी रंगाचा डबा. पोपडे सुटले नसतील तर मऊ, कोरड्या ब्रशने धूळ हलकेच झटका; सुटले असतील तर हातही न लावता जाणकाराला बोलवा.