फुकटच्या कुरणाचा जमाखर्च

अमेरिकेतील गुरांच्या अफाट कळपांविषयी आपण पुष्कळदा ऐकतो. त्या धंद्याचा जमाखर्च मात्र आपल्यापुढे क्वचितच मांडला जातो.

१८६५ साली तेथील यादवी युद्ध संपले, तेव्हा टेक्सासमध्ये लांब शिंगांची लाखो गुरे मोकाट वाढलेली होती. तेथे एका जनावराला सुमारे ४ डॉलर येत. मांसासाठी मागणी असलेल्या उत्तरेकडील बाजारात त्याचेच ४० पर्यंत मिळत. १८६७ साली जोसेफ मकॉय या व्यापाऱ्याने कॅन्सासमधील ॲबिलीन येथे रेल्वेलगत गुरांसाठी वाडे बांधले आणि ही तफावत हाती येऊ लागली. दोन-अडीच हजार गुरांचा कळप दहा-बारा घोडेस्वार गुराखी दोन-तीन महिने चालवीत नेत. दिवसाकाठी पाच-सहा कोसांपेक्षा अधिक ते सहसा हाकीत नसत. कारण वजन घटले की भाव घटे. वाटेतील चाऱ्याला एक छदामही पडत नसे.

याच फुकट गवताच्या भरवशावर पुढे वायोमिंग व मॉन्टानापर्यंत कळप पसरले. ही जमीन तेथील मूळ जमातींकडून हिरावून घेतलेली होती, हे त्या हिशेबात कोणी धरले नाही. नफ्याच्या वार्ता ऐकून इंग्लंड-स्कॉटलंडचे भांडवल आले. १८८३ साली स्थापन झालेल्या स्कॉटिश भांडवलाच्या स्वान कंपनीने तर गुरे प्रत्यक्ष न मोजता वहीतील आकड्यांवर खरेदी केली. आपल्याकडील गुराखीही सायंकाळी डोकी मोजल्यावाचून गोठ्याचे दार लावीत नाही!

गवत कोणाच्याच मालकीचे नव्हते. आपण राखले तरी शेजाऱ्याची गुरे ते खाणार, म्हणून जो तो आपला कळप वाढवीत गेला. १८८६ च्या उन्हाळ्यात पाऊस अपुरा पडला. मांसाचे भाव आधीच उतरले होते, म्हणून अनेकांनी गुरे विकली नाहीत. त्या हिवाळ्यात हिमवर्षाव झाला. बर्फ थोडे वितळून पुन्हा गोठले आणि गवतावर कठीण थर बसला. जनावरांना खुराने तो फोडता येईना. वाऱ्याकडे पाठ करून चालत निघालेली गुरे काटेरी तारांच्या कुंपणांशी अडून तेथेच मेली. साठविलेली वैरण बहुतेकांजवळ नव्हतीच. कित्येकांचे निम्म्याहून अधिक कळप गेले. पुढे राष्ट्राध्यक्ष झालेले थिओडोर रूझवेल्ट त्यांपैकीच एक होत. स्वान कंपनी १८८७ साली बुडाली. ज्या जनावराला चारा व निवारा देता येणार नाही ते पुन्हा पाळावयाचे नाही, असे मॉन्टानातील ग्रॅनव्हिल स्टुअर्ट यांनी ठरविले.

टिकलेल्या पशुपालकांनी कळप लहान केले आणि स्वतःची कुरणे कुंपणाने बंदिस्त केली. दर जनावरामागे खर्च वाढला. परंतु वसंतात हाती किती गुरे उरतील, याचा अंदाज बांधता येऊ लागला. ओढ्याकाठच्या कुरणांना पाटाचे पाणी देणे, उन्हाळ्यात गवत कापून गंज्या रचणे व हिवाळ्यात ते कळपापर्यंत पोचविणे, ही आता मुख्य कामे झाली. घोड्यावर मिरविणाऱ्या गुराख्याला गवत कापण्याच्या यंत्रावर बसावे लागले, आणि त्यांपैकी अनेकांना ते काम कमीपणाचे वाटे.