समुद्रफुलांचा जोडधंदा : टाकी मांडण्यापूर्वी

घरी गोड्या पाण्याची रंगीत मासळी पाळून चार पैसे मिळवणारे तरुण पुष्कळ आहेत. त्यांतील काही आता खाऱ्या पाण्याकडे वळू पाहतात. त्यांचा पहिला प्रश्न असतो समुद्रफुलाबद्दल, म्हणजे बाजारात ज्याला ॲनिमोन म्हणतात त्याबद्दल. एकाचे दोन आणि दोनाचे चार होतात असे त्यांनी ऐकलेले असते. ते खरे आहे. तरी पनवेलसारख्या ठिकाणी यात भांडवल घालण्यापूर्वी हिशेब नीट समजून घ्यावा, असे आम्हास वाटते.

हे फूल नव्हे, प्राणी आहे. खडकाला चिकटून बसतो आणि बोटांसारख्या तंतूंनी भक्ष्य धरतो. त्याच्या अंगात सूक्ष्म शेवाळ राहते. ते उजेडावर अन्न तयार करून त्याला पोसते. म्हणून भक्कम दिव्याशिवाय तो जगत नाही. दुकानात पांढरेशुभ्र ॲनिमोन मोठे देखणे दिसते, पण ते शेवाळ गमावलेले, म्हणजे आजारी असते. घेताना तंतू चिकट, तोंड मिटलेले आणि बूड न फाटलेले असावे.

नीट सांभाळले तर आयुष्य किती? स्कॉटलंडच्या किनाऱ्यावरून सर जॉन डॅलिएल यांनी १८२८ साली आणलेले एक समुद्रफूल १८८७ पर्यंत बरणीत जगले. लोक त्याला 'ग्रॅनी', म्हणजे आजीबाई म्हणत. ती जात थंड पाण्याची होती हे खरे. पण घरातले फूल दोन महिन्यांत मेले तर दोष बहुधा टाकीचाच असतो.

टाकीचे पाणी हाच खरा खर्च. खाडी जवळ आहे, पाणी फुकट आणू, असे कोणी म्हणेल. तसे करू नये. पावसाळ्यात खाडीचे पाणी गोडसर होते, आणि तळोजा औद्योगिक वसाहतीजवळच्या कासाडी नदीच्या प्रदूषणाचा प्रश्न तर हरित लवादापर्यंत गेलेला आहे. आर.ओ.च्या पाण्यात तयार सागरी मीठ मिसळावे. लिटरला साधारण ३५ ग्रॅम, म्हणजे २०० लिटरच्या टाकीला ७ किलो मीठ. आठवड्याला २० लिटर पाणी बदलले तर दर वेळी ७०० ग्रॅम. उन्हाळ्यात पाणी २५ ते २७ अंशांवर ठेवण्यासाठी पंखा किंवा चिलर लागतो. पंख्याने पाणी उडते, मीठ मात्र टाकीतच राहते. म्हणून भर साध्या आर.ओ.च्या पाण्याची घालावी. वीज गेल्यास बॅटरीवर चालणारा हवेचा पंप हवाच. माशांच्या औषधातले तांबे समुद्रफुलाला विष आहे. टाकी किमान सहा महिने मुरल्याशिवाय फूल सोडू नये. ते जागा बदलत फिरते, म्हणून पंपाच्या तोंडाला जाळी लावावी. आत ओढले जाऊन मेले, की सडून साऱ्या टाकीचा नाश करते.

वाढ करण्यास 'बबल टिप' ही जात सोयीची. ती आपोआप उभी दुभंगते. काही जण धारदार पात्याने तोंडाच्या मधोमध कापून दोन भाग करतात. प्रत्येक भागाला तोंडाचा अंश यायला हवा. जखम काही दिवसांत मिटते. पण दोन्ही भाग कोळंबीचा तुकडा धरून खाऊ लागेपर्यंत एकही विकू नये. ताजे कापलेले फूल धडधाकट म्हणून गिऱ्हाइकाच्या हाती देणे हा व्यापार नव्हे.

आमच्या मते केवळ समुद्रफुलांवर घर चालणार नाही, कारण ते घेणाऱ्याकडे आधीच महागडी टाकी असावी लागते. क्लाउन माशाला गिऱ्हाईक अधिक, आणि त्याची पैदास समुद्रफुलाशिवायही होते. केंद्रीय सागरी मत्स्यसंशोधन संस्थेने ती उबवणीगृहात करून दाखवलेली आहे. दोन्ही जोडीने करावे. कुर्ल्याचा रंगीत मासळीचा बाजार हार्बर लाइनने तासाभराच्या अंतरावर आहे. ऐरोलीचे सागरी जैवविविधता केंद्र तर ठाण्याकडे जाणाऱ्या लोकलच्या वाटेवरच आहे. इच्छुकांनी एकदा पाहून यावे.

एक इशारा मात्र द्यायलाच हवा. प्रवाळ आणि समुद्रघोडा २००१ साली वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत घालण्यात आले. सजावटीसाठी कोणी 'जिवंत खडक' म्हणून प्रवाळ देऊ केले तर घेऊ नये. भाजलेल्या मातीचे खडक चालतात. ॲनिमोन घेतानाही माल कोठून आला ते विचारावे आणि पक्के बिल मागावे. बिल द्यायला जो कचरतो, त्याच्याकडून काही घेऊ नये.