स्मृतिभ्रंशाच्या संशोधनात लॅब टेक्निशियन : गैरसमज आणि वस्तुस्थिती

मुळशी तालुक्यात हिंजवडीचं बायोटेक पार्क आहे, लवळ्यात वैद्यकीय महाविद्यालय आणि रुग्णालय आहे. चांदणी चौक ओलांडला की संशोधन संस्थांचं पाषाणही फार लांब नाही. त्यामुळे पौड-पिरंगुटच्या मुलामुलींनी बारावी सायन्सनंतर डीएमएलटी किंवा बी.एस्सी. करून लॅबमध्ये लागणं, यात नवल राहिलेलं नाही. पण हेच शिक्षण स्मृतिभ्रंशाच्या, म्हणजे डिमेन्शियाच्या संशोधनातही कामी येतं, हे फार थोड्या घरांत ठाऊक असतं. त्या कामाबद्दल गैरसमज मात्र बरेच आहेत.

गैरसमज १ : ‘साठी बुद्धी नाठी! वय झालं की विसरायला होतंच, त्यावर संशोधन कसलं?’

वस्तुस्थिती : चष्मा कुठे ठेवला ते न आठवणं वेगळं आणि रोजच्या वाटेवर घर न सापडणं वेगळं. स्मृतिभ्रंश मेंदूच्या आजारांमुळे होतो. त्यांत अल्झायमर सर्वांत जास्त आढळतो. देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. साठीपुढच्या ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख भारतीयांना स्मृतिभ्रंश असल्याचा त्यांतला अंदाज आहे. शहरी भागात हे प्रमाण ५.३ टक्के, तर ग्रामीण भागात ८.४ टक्के निघालं. पुरुषांपेक्षा बायकांमध्ये ते जास्त आहे. तेव्हा हा शहरातल्या लोकांचा आजार, असं समजून गावांनी निर्धास्त राहू नये.

गैरसमज २ : ‘डोकं शास्त्रज्ञाचं, टेक्निशियननं फक्त मशीनचं बटण दाबायचं.’

वस्तुस्थिती : मशीन नमुना मोजतं, तो नमुना मोजण्यालायक ठेवायचं काम टेक्निशियनचं. जांभळ्या बुचाच्या ईडीटीए नळीत रक्त घेतल्यावर ती हलक्या हातानं उलटसुलट करायची. जोरात हलवली तर तांबड्या पेशी फुटतात आणि नमुना वाया जातो. मग सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून वरचा पिवळसर प्लाझ्मा अलगद काढायचा, छोट्या नळ्यांत वाटायचा, बारकोड लावायचा आणि उणे ८० अंशांच्या फ्रीझरमध्ये ठेवायचा. एकाच नळीचं पुन्हा पुन्हा वितळणं-गोठणं टाळायचं, म्हणून तर हे वाटप. मणक्यातून घेतलेल्या पाण्याचं काम याहून नाजूक. त्यातलं अमायलॉइड बीटा हे प्रथिन काचेला आणि काही प्लॅस्टिकना चिकटतं, म्हणून पॉलिप्रॉपिलीनची नळी लागते. अल्झायमरमध्ये या पाण्यातलं अमायलॉइड बीटा ४२ कमी झालेलं दिसतं. नळी चुकीची वापरली, तर निरोगी माणसाच्या नमुन्यातही ते कमी भरतं आणि आजार नसताना आजाराची खूण दिसते. नळीची निवड चुकली की पुढचं महागडं मशीनही खोटंच सांगणार.

गैरसमज ३ : ‘मेंदूचं संशोधन म्हणजे मेलेल्या माणसाचा मेंदू कापायचा.’

वस्तुस्थिती : बेंगळुरूच्या निमहान्समध्ये ब्रेन बँक आहे. कुटुंबाच्या संमतीनं दान मिळालेले मेंदू तिथे जतन होतात आणि ते काम मोलाचं आहे. पण बहुतेक टेक्निशियनच्या हाती रक्त, वाढवलेल्या पेशी आणि प्रथिनं असतात. पाषाणच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत टाऊ या प्रथिनावर संशोधन झालं आहे. अल्झायमरमध्ये याच प्रथिनाच्या गुंतवळी मेंदूच्या पेशींत साचतात. अभ्यासासाठी टाऊ जिवाणूंकडून तयार करून घेता येतं. जिवाणूंचा अर्क चांगला तापवला की बाकीची बहुतेक प्रथिनं साकळून तळाशी बसतात, टाऊ मात्र द्रावणात टिकून राहतं. तिथून ते वेगळं करतात.

गैरसमज ४ : ‘लॅबचा रिपोर्ट आला की निदान झालं. टेक्निशियननंच सांगून टाकावं.’

वस्तुस्थिती : निदान डॉक्टरच करतात. त्यासाठी रुग्णाचा इतिहास, स्मरणशक्तीच्या चाचण्या, स्कॅन आणि रक्ततपासणी हे सगळं एकत्र पाहावं लागतं. अमेरिकेत मे २०२५ मध्ये अल्झायमरसाठी पहिल्या रक्तचाचणीला परवानगी मिळाली, तीही लक्षणं असलेल्या, ५५ वर्षं आणि त्यापुढच्या रुग्णांसाठी. एपीओई जनुकाचा ई४ प्रकार सापडला तरी त्याचा अर्थ धोका वाढला एवढाच. आजार होणारच असा नव्हे. संशोधनात नमुन्यावर नाव नसतं, क्रमांक असतो. तो कुणाचा आहे याची वाच्यता न करणं हा कामाचाच भाग आहे. उलट बी-१२ आणि थायरॉईड या साध्या चाचण्या कुणी कमी लेखू नयेत. या दोन्हींच्या कमतरतेमुळेही विसराळूपणा येतो आणि त्यावर उपचार आहेत.

गैरसमज ५ : ‘औषधच नाही, मग हे सगळं कशाला?’

वस्तुस्थिती : पूर्ण बरं करणारं औषध आज नाही, हे खरं. पण २०२३ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेलं लेकॅनेमॅब सुरुवातीच्या टप्प्यातल्या अल्झायमरचा वेग थोडा कमी करतं. मेंदूला सूज आणि रक्तस्राव हे त्याचे धोके आहेत. ते देण्याआधी मेंदूत अमायलॉइड साचल्याची खात्री चाचणीनं करावी लागते. प्रतिबंधाचं पारडं याहून जड आहे. लॅन्सेट आयोगाच्या २०२४ च्या अहवालात रक्तदाब, मधुमेह, बहिरेपण, अपुरं शिक्षण अशी १४ कारणं दिली आहेत. ती दूर झाली तर जगातले सुमारे ४५ टक्के स्मृतिभ्रंश टाळता किंवा लांबवता येतील.

या क्षेत्रात यायचं असेल, तर रुग्णालयाच्या प्रयोगशाळेसाठी डीएमएलटी किंवा बी.एस्सी. एमएलटी, आणि प्रथिनं-पेशींच्या कामासाठी जीवरसायनशास्त्र किंवा बायोटेक्नॉलॉजीची पदवी घ्या. प्रवेशाआधी अभ्यासक्रमाची मान्यता तपासा. आणि एखाद्या अभ्यासाचं पथक गावात रक्ताचा नमुना मागायला आलं, तर संमतीपत्र वाचून घ्या, शंका विचारा आणि पटलं तर जरूर सहभागी व्हा. ग्रामीण भागात आजार जास्त आहे; तिथले नमुने नसतील, तर उत्तरंही तिथल्या माणसांसाठी नसतील.