ट्रायकोकार्ड लावलंय? मग फवारणी थांबवा!

कपाशीच्या पानावर बोंडअळीचं काळं पडलेलं अंडं भिंगातून दिसलं की मला फार आनंद होतो. आत अळी नाही, ट्रायकोग्रामा वाढतोय! जेमतेम अर्ध्या मिलिमीटरची ही परोपजीवी गांधीलमाशी किडीच्या अंड्यात स्वतःचं अंडं घालते. साधारण 8-10 दिवसांत नवी माशी कवच कुरतडून बाहेर येते. खरा धोका तेव्हाच. कवचाआड ती बऱ्यापैकी सुरक्षित असते. पण पानावर सायपरमेथ्रिन किंवा क्लोरपायरिफॉसचा अंश असेल तर बाहेर पडताच मरू शकते. वाचलेल्या माश्याही अनेकदा कमी अंडी घालतात. म्हणून ट्रायकोकार्ड, म्हणजे ट्रायकोग्रामा वाढत असलेली अंडी चिकटवलेलं कार्ड, लावण्याच्या आगेमागे काही दिवस रासायनिक फवारणी टाळाच, नाहीतर पैसे पाण्यात! गरज पडलीच तर आधी 5 टक्के निंबोळी अर्क वापरा, तो तुलनेने सौम्य आहे. आणि कार्ड संध्याकाळी, पानाच्या खालच्या बाजूला लावा.