जुन्या नोंदींची बेगमी

मालवणच्या किनाऱ्यावरील घरांत पावसाळ्यापूर्वीं बेगमी करून ठेवण्याची रीत जुनी आहे. रोजचे तांदूळ चुलीजवळच्या डब्यांत, महिन्याचे कोठीच्या खोलींत आणि वर्षाचें भात कणगींत, अशी त्यांची वांटणी असे. कणगींतील भात डब्यांतील तांदळांपेक्षां कमी मोलाचें, असें कोणतीहि गृहिणी म्हणणार नाहीं. तें रोज हाताशीं लागत नाहीं, एवढेंच. संगणकांतील जुन्या नोंदी कोठें ठेवाव्यात, हा आजचा प्रश्न मुळांत ह्याच जातीचा आहे.

ह्या नोंदी म्हणजे काय, हें प्रथम समजून घेतलें पाहिजे. पूर्वीच्या पेढीवर दोन वह्या असत: रोजकीर्द आणि खतावणी. व्यवहार घडतांच तो रोजकीर्दींत टिपावयाचा आणि मागाहून खतावणींत त्या त्या खात्यावर चढवावयाचा. संगणकांतील डेटाबेस ही खतावणी समजली, तर त्याची लॉग नांवाची फाइल ही रोजकीर्द होय. खात्यांत बदल करण्यापूर्वीं तो लॉगमध्यें लिहिला जातो. मध्येंच वीज गेली, तर हा लॉग वाचून यंत्र अर्धवट राहिलेलें काम पुरें करतें किंवा रद्द करतें. दुसऱ्या एका प्रकारच्या लॉगमध्यें कोणी, कोणत्या दिवशीं व किती वाजतां नोंद बदलली, एवढेंच टिपलेलें असतें.

ह्या दुसऱ्या प्रकाराचें महत्त्व कोंकणांत सहज पटण्यासारखें आहे. येथील पुष्कळशा जमिनी सामाईक. एका सातबाऱ्यावर अनेक नांवें आणि त्यांतले कित्येक हिस्सेदार मुंबईस. २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा घरबसल्या मिळूं लागला आहे. तथापि सातबारा आजची स्थिति सांगतो. एखाद्या नोंदीबद्दल वर्षांनंतर संशय उत्पन्न झाला, तर ती यंत्रावर कोणाच्या नांवें व केव्हां चढली, हें लॉगच सांगूं शकतो. तो मध्यंतरीं फेंकून दिला असेल, तर एक साक्षीदार कायमचा नाहींसा झाला म्हणावयाचें.

मग सर्वच लॉग हाताशीं कां ठेवूं नयेत? उत्तर खर्चांत आहे. लॉग दिवसरात्र वाढतो. त्याच्या प्रतीहि ठेवाव्या लागतात. अतिवेगवान डिस्कवर जागा महाग असते, साध्या फिरत्या डिस्कवर ती स्वस्त पडते, आणि चुंबकीय फितींवर त्याहूनहि स्वस्त; मात्र स्वस्ताई वाढते तसतसा शोधून काढण्यास वेळ अधिक लागतो. २०१२ सालीं ॲमेझॉन कंपनीनें ग्लेशियर, म्हणजे हिमनदी, या नांवाची कोठी भाड्यानें देण्यास आरंभ केला, तेव्हां तींतून मागविलेली फाइल हातीं येण्यास साधारण ३ ते ५ तास लागत.

सरकारी दप्तरास ही वांटणी नवी नाहीं. महाराष्ट्रांतील कचेऱ्यांत निकालांत निघालेले कागद अ, ब, क, ड अशा वर्गांत घालून अभिलेख कक्षांत पाठवितात. 'अ' वर्ग कायमचा, 'ब' ३० वर्षें, 'ड' केवळ एक वर्ष. टेबलावर चालू प्रकरणें, कक्षांत जुनीं आणि मुदत संपलेलीं नाशाकरितां, असा हा क्रम आहे.

संगणकांत हेंच काम नियम एकदां लिहून दिल्यावर आपोआप होतें. समजा, ३० दिवसांपर्यंतचे लॉग वेगवान डिस्कवर, १८० दिवसांपर्यंतचे साध्या डिस्कवर आणि पुढचे फितींवर, असा नियम केला. मग यंत्र रोज रात्रीं प्रत्येक फाइलीचें वय पाहतें. जींत लिहिणें चालू आहे, तिला तें हात लावीत नाहीं. पुऱ्या झालेल्या फाइली दाबून लहान करावयाच्या, बारीकसारीक असतील त्यांचा एक गठ्ठा बांधावयाचा, नव्या जागीं नक्कल करावयाची, नक्कल मूळाशीं ताडून पाहावयाची आणि ती जुळल्यावरच मूळ पुसावयाचें, असा हा क्रम असतो. ताडून पाहण्यापूर्वीं पुसणें म्हणजे भात कणगींत पडलें कीं नाहीं हें न बघतां पोतें झटकून टाकण्यासारखें आहे.

ह्यांत तीन गोष्टी सांभाळाव्या लागतात. पहिली, सांखळी तुटूं नये. डेटाबेस बिघडला असतां शेवटची पूर्ण प्रत घेऊन तीवर नंतरचे लॉग ओळीनें चढवितात. मधला एक गहाळ झाला, तर पुढचे त्या कामीं निरुपयोगी ठरतात. म्हणून हे लॉग, वय झालें तरी, पुढची पूर्ण प्रत तयार होऊन तपासली जाईपर्यंत हाताशींच असावेत. दुसरी, कायद्याची मुदत. भारताच्या सर्ट-इन ह्या संस्थेनें २०२२ सालीं काढलेल्या निर्देशांप्रमाणें संगणकव्यवस्थांचे लॉग १८० दिवसांपर्यंत देशांत सुरक्षित ठेवावे लागतात. तिसरी, आणि सर्वांत सहज विसरली जाणारी, म्हणजे यादी. गठ्ठा दूर गेला तरी तो कोठें आहे, हें सांगणारी सूची जवळच पाहिजे.

यादीचें मोल ह्या जिल्ह्यास निराळें सांगावयास नको. सावंतवाडी १९४८ पर्यंत संस्थान होतें. मालवण व वेंगुर्लें १९८१ पर्यंत रत्नागिरी जिल्ह्यांत होतीं. १ मे १९८१ रोजीं सिंधुदुर्ग जिल्हा निराळा झाला. कारभार बदलत गेला, म्हणजे जुना कागद कोणत्या दप्तरांत शोधावा, हें आधीं कळावें लागतें. पुण्याच्या पेशवे दप्तरांतील मोडी रुमाल कित्येक वर्षें क्वचितच सोडले जात. पुढें गोविंदराव सरदेसाई यांनीं १९३० नंतर त्यांतील निवडक कागदांचे ४५ खंड प्रसिद्ध केले, तेव्हां मराठ्यांच्या इतिहासाची कित्येक पानें नव्यानें लिहिलीं गेलीं. निजलेला कागद मेलेला नसतो.

सारांश, हलविण्याचें काम यंत्रावर सोंपवावें. तें विसरत नाहीं आणि कंटाळतहि नाहीं. परंतु काय दूर ठेवावयाचें, किती काळ, आणि काय कधींच पुसावयाचें नाहीं, हा निर्णय माणसानेंच विचारपूर्वक लिहून द्यावयाचा आहे. कणगी कोणीहि भरील. बियाण्याचें भात कोणतें, हें मात्र घरच्या जाणत्या माणसालाच ठरवावें लागतें.